नातीची पहिली गाठी

आमच्या घरात वसंत येतो तो जिन्याखालून. थंडी ओसरली की एका सकाळी आमचे हे जिन्याखालची अडगळ उपसतात, "अगं, जरा एका बाजूनं धर," म्हणतात आणि लोखंडी कूलर खडखडत अंगणात येतो. तोवर नांदेडात बाहेर बरंच काही होऊन गेलेलं असतं. गल्लीतल्या कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा खच पडलेला असतो, फांद्यांवर तांबूस पालवी चकाकत असते, समोरच्यांच्या आंब्याचा मोहर वाऱ्यानं आमच्या पायरीपर्यंत येतो आणि भाजीच्या गाड्यावर वाटाणा मागे सरून कैरी पुढे आलेली असते. पण यांच्या लेखी कूलरला नवा वाळा बसल्याशिवाय ऋतू काही बदलत नाही. जाळ्यांमध्ये वाळा भरणं हे त्यांचं वर्षातलं एकमेव हस्तकाम. ते झालं की आठवडाभर घरात वाळ्याचा वास असतो आणि आठवडाभर ते स्वतःचं कौतुक करत असतात.

त्यांना हसायचा मला फारसा अधिकार नाही. निवृत्त झाल्यापासून मीही हातानं काहीबाही करायच्या नादाला लागले आहे. शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला पोरांना आगपेट्यांच्या खुर्च्या करायला लावायचे आणि स्वतः खऱ्या खुर्चीत बसून पेपर तपासायचे. आता मला वेळच वेळ आहे आणि फोनवर रोज कुणीतरी काहीतरी शिकवत असतं. मी जुन्या बांगड्यांचं तोरण केलं. दार उघडलं की ते इतकं वाजायचं की दुपारची झोप मोडायची, म्हणून काढून ठेवलं. बाटल्या रंगवल्या. एकदा पळसाची फुलं उकळून धुळवडीसाठी घरचा रंग केला, तर तो कपड्यांना लागेना आणि पातेल्याचा निघेना. हे म्हणाले, "घरातलं सगळं टाकाऊ संपलं आता. मीच तेवढा रंगवायचा राहिलोय." मी म्हटलं, तुमचाही नंबर लागेल, घाई करू नका.

पण यंदाचा वसंत वेगळा होता, कारण यंदा आम्हाला नात होती.

माझी लेक लातूरला दिली आहे. लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. दवाखाने झाले, उपास झाले, लोकांचे न मागितलेले सल्ले ऐकून झाले. शेवटी तिनं आणि जावयांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. ठरवल्यावरही वाट बघण्यात फार काळ गेला. गेल्या दसऱ्यानंतर एक दिवस लेकीचा फोन आला आणि ती नुसती रडत होती. मी घाबरले. मग मागून बाळाचा आवाज आला. चार महिन्यांची मुलगी होती. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. ती माझ्या मांडीवर आली, तिनं माझ्या चष्म्याची काडी धरली आणि सोडलीच नाही. त्या दिवसापासून माझा चष्मा वाकडा आहे आणि मी तो सरळ करून घेतलेला नाही.

लेकीची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, मूळच्या देवणीकडच्या. कमी बोलणाऱ्या, करड्या, कामाला वाघ. त्यांनी बाळाचं काही कमी केलं नाही. तेल लावणं, शेकणं, धुरी देणं, सगळं वेळच्या वेळी. पण घरात चार माणसं आली की त्या बाळाला सुनेकडे देऊन स्वयंपाकघरात जायच्या. तिला कधी नात म्हणायच्या नाहीत. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "लेकरू बरं हाय." ते 'लेकरू' इतकं कोरडं यायचं की मला फोन आपटावासा वाटायचा.

संक्रांतीला तर माझं डोकंच फिरलं. बाळाचं पहिलं बोरन्हाण म्हणून मी हलव्याचे दागिने घरी केले होते. एकेक दाणा दोऱ्यात ओवून मुकुट, बाजूबंद, अगदी कंबरपट्टासुद्धा. दोन दिवस आधी लेकीचा फोन आला. "आई, बोरन्हाण नको म्हणतायत. थंडी लई हाय, पुढल्या साली बघू, असं म्हणाल्या." लातुरात संक्रांतीला कसली आली थंडी! मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक म्हणाली, "तू काही बोलू नको. मला इथं राहायचंय." एवढंच म्हणाली, पण तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं. मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा आमचे हे मला चहा करून देतात, तसा त्यांनी दिला. दागिने डब्यात राहिले आणि पुढे त्यांना मुंग्या लागल्या.

म्हणून होळीची मला धास्ती होती. आमच्याकडे बाळाच्या पहिल्या होळीला आजोळहून साखरेची गाठी जाते. पांढऱ्याशुभ्र साखरेच्या पदकांची माळ, आणि मनगटात घालायला साखरेची दोन कडी. संध्याकाळी होळी पेटली की बापाची आई बाळाला ती गाठी घालते, कडेवर घेते आणि सगळ्या गल्लीदेखत होळीभोवती फिरते. मग ते मूल त्या घरचं आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. गाठी नेणं माझ्या हातात होतं, बाळाला कडेवर घेणं त्यांच्या. त्यांनी घेतलं नाही, तर माझ्या लेकीला आणि त्या एवढ्याशा जिवाला त्या गल्लीत कायम खाली मान घालून राहावं लागलं असतं. मला रात्रंदिवस तेवढं एकच सुचत होतं.

बाजारात गाठ्यांचे ढीग लागले होते, पण मी ठरवलं की गाठी घरी करायची. बाजारची नेली तर ती कोपऱ्यात ठेवून देणं सोपं. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू समोर धरली की नाही म्हणणं माणसाला जड जातं, असा माझा डाव होता. आणि खरं सांगायचं तर मला करून बघायचीही होती. व्हिडिओतल्या बाईनं ती इतकी हसत हसत केली होती.

कृती ऐकायला सोपी आहे. अप्पेपात्राला आणि छोट्या वाट्यांना तूप लावायचं, त्यांच्यावरून एक दोरा आडवा टाकायचा, साखरेचा घट्ट पाक करून त्यात ओतायचा. पाक गार झाला की दोरा उचलायचा, गाठी तयार. माझा पहिला पाक कच्चा राहिला. दोरा उचलला तर लाळेसारख्या तारा निघाल्या. दुसरा पाक जास्त झाला, कढईतच त्याची साखर झाली आणि कालथा त्यात उभा राहिला. तिसऱ्या वेळी पाक जमला, पण ओढताना दोरा तुटला आणि सगळी पदकं पात्रात चिकटून बसली. कड्यांसाठी मी स्टीलच्या ताटात माझ्या दोन बांगड्या ठेवून त्यांच्यात पाक ओतला होता. त्या बांगड्या अजून ताटापासून सुटलेल्या नाहीत.

शेजारी आपा राहतात. त्यांच्या घरी शिलाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. यंदा होळी रमजानातच आली होती आणि त्यांचा रोजा होता. माझ्या घरून जळक्या साखरेचा वास तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "क्या चल रहा बाई सुबू से? घर जलाते क्या?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शेरवानीला बटणं लावायचा पक्का दोरा आणून दिला आणि माझ्याबरोबर गॅससमोर उभ्या राहिल्या. पाण्यात पाकाचा थेंब टाकून आम्ही दोघी डोकं लावून बघत होतो. मी म्हटलं, जरा चाखून सांगा की. त्या म्हणाल्या, "रोजा है मेरा, तुमारी शक्कर के पीछे तोडूं क्या?" आम्ही इतक्या हसलो की पाक पुन्हा पुढे जायचा राहिला थोडक्यात.

त्या खेपेला गाठी झाली. बाजारच्यासारखी पांढरी नाही, किंचित पिवळसर, एक पदक मोठं तर एक चपटं, पण सलग आणि कडक. मधे वाटीत ओतलेलं मोठं पदक, त्यावर मी चमच्याच्या कडेनं फूल कोरलं होतं. कडीसुद्धा झाली, एक जरा अंडाकृती. मी गाठी बैठकीतल्या खुंटीला लावली आणि चारदा लांब जाऊन बघून आले. आपांनी दुवा दिली, "बच्ची को नजर नक्को लगे." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या हाताला हात लावला आणि माझे चिकट हात त्यांच्या हाताला चिकटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाळाच्या झबल्यासाठी पांढरी मलमल आणायला गेले. परत आले तेव्हा कूलर बैठकीच्या खिडकीत बसलेला होता, बंद होता, आणि हे पेपर वाचत होते. पेपर सकाळीच वाचून झालेला होता. फरशी पुसलेली दिसली. नवऱ्यानं न सांगता फरशी पुसली, ही आमच्या घरात सणाइतकीच मोठी गोष्ट, त्यामुळे मी खूश झाले. संध्याकाळी झबलं शिवत बसले तर हे म्हणाले, "गाठी मी भरून ठेवतो डब्यात. तुझ्या हातून तुटायची." मला तर भरूनच आलं. माणूस नातीसाठी बदलला, असं वाटलं.

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही लातूरच्या एसटीत बसलो. मला अर्धं तिकीट, त्यांचं पूर्ण, त्यावरून ते दरवेळी काहीतरी बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत. स्टीलचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. लोहा मागे पडलं तसं ऊन तापायला लागलं. शेतांत ज्वारीच्या पेंढ्या उभ्या होत्या, हरभरा निघून रानं मोकळी झाली होती. अहमदपूरच्या अलीकडे डोंगरउतारावर पळस पेटला होता. एक पान नाही, नुसती फुलं. दरवर्षी मी तो बघते आणि दरवर्षी माझ्या तोंडून "अगंबाई" निघतं. खिडकीतून गरम वारा येत होता, त्यात करडईच्या काढणीची धूळ आणि कुठूनतरी मोहराचा वास होता. मला वाटलं, देवा, एवढं सगळं तू न मागता देतोस, एवढं एक मागते ते दे. त्या बाईला माझ्या नातीला कडेवर घेऊ दे.

"डबा उघडून बघू का जरा?" मी म्हटलं.

"नको," हे एकदम म्हणाले. "हवा लागंल."

मला वाटलं, विहिणीच्या भीतीनं गप्प झालेत.

लातूरला पोचलो तेव्हा घरात पुरण शिजल्याचा वास होता. लेकीनं दार उघडलं. तिनं मान किंचित हलवली, म्हणजे होळीबद्दल सासूबाई अजून काही बोलल्या नव्हत्या. बैठकीत शेजारच्या एक बाई चहा घेत बसल्या होत्या. विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, "या," म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. बाळ सतरंजीवर उताणं पडून स्वतःचा पाय शोधत होतं. मी विचार केला, आता उशीर नको. शेजारीण आहे हेही बरंच, कुणाच्या तरी समोरच झालेलं बरं. मी यांच्या हातातून डबा ओढून घेतला. त्यांनी पटकन सोडला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"बाळाची पहिली होळी," मी म्हटलं. "आजोळची गाठी. मी घरी केली हातानं."

आणि झाकण उघडलं.

आत एक गोळा होता. पिवळसर, ओला, पिशवीला चिकटलेला. पदकं एकमेकांत विरघळली होती, कडी कुठं होती ते कळत नव्हतं, दोरा मधून वर आला होता आणि तळाशी पाक साचला होता. मोठ्या पदकावरचं फूल अर्धं गळून गेलं होतं. मी डब्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. त्यांचा चेहरा बघून मला सगळं समजलं, तरी त्यांनी तोंडानं सांगितलंच.

"मी कूलर चालू करून बघून राहिलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "वाळा नवा होता. म्हटलं जरा वेळ... तर गाठीला घाम सुटला. मी पुसली गं. पंख्याखाली धरली. वाळली होती मग."

वाळली होती! ओली गाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट झाकण लावून, मार्चच्या उन्हात एसटीतून आणली होती या माणसानं. माझ्या कानशिलात जाळ झाला. पण रागापेक्षाही मला रडू येत होतं. संक्रांतीचे दागिने मुंग्यांनी खाल्ले, होळीची गाठी कूलरनं खाल्ली. त्या पोरीला काही घालायचं माझ्या नशिबातच नाही, असं वाटलं.

मग शेजारची बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या ओ, एवढं मनाला लावून घेऊ नका. तसंबी ह्या लेकराला कशाला पाह्यजे एवढं सगळं शास्त्र?"

ती बाई वाईट हेतूनं बोलली नसेल. पण माझ्या लेकीनं खाली वाकून बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काय होतं हे आमच्या गल्लीला माहीत आहे. पण माझ्याआधी विहीणबाई बोलल्या, आणि त्या माझ्यावरच घसरल्या.

"ही काय गाठी हाय व्हय, विहीणबाई?" त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. "आजोळाकडून अशी गाठी आणतेत व्हय? पहिली होळी हाय माझ्या नातीची! हे असलं गळ्यात घालून मी तिला चार मानसात फिरवू? गल्ली काय म्हणल? म्हणल, ह्यांच्या नातीला आजोळ हाय का न्हाई! एकच नात हाय मला. तिच्या पहिल्या सणाला तुमाला कूलर सुचायलाय?"

त्या इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. बोलताना त्यांनी शेजारणीकडे एकदाही बघितलं नाही. शेजारणीनं चहाचा कप खाली ठेवला. आमचे हे भिंतीला टेकले. एरवी मला कुणी असं बोललं असतं तर मी तिथंच हिशेब चुकता केला असता. पण मी उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोला, अजून बोला, थांबू नका. माझी नात. एकच नात. पहिला सण. प्रत्येक शब्द मला प्रसादासारखा वाटत होता.

लेक बाळाला घेऊन तशीच उभी होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"उभं काय राह्यलाव?" विहीणबाई मला म्हणाल्या. "चला आत. होळी पेटायला येळ हाय अजून."

स्वयंपाकघरात पुरणाची कढई नुकतीच उतरवली होती. त्यांनी दुसरी कढई घेतली, साखर ओतली आणि मी आणलेला गोळाही, सुटलेला पाक निथळून, मधला दोरा ओढून काढून त्यातच टाकला. "टाकून कशाला द्यायचं, केलंय तर," म्हणाल्या. त्यांना गाठी करता येत नव्हती, त्यांनी कधी केलीच नव्हती. मला एकदाच आली होती. वाट्यांना तूप दोघींनी लावलं, दोरा त्यांनी धरला, पाक बघायला दोघी वाकलो आणि आमची डोकी एकमेकींवर आपटली. त्या हसल्या नाहीत, पण "लागलं का?" म्हणाल्या.

पाक उकळत होता. त्या कढईकडे बघतच म्हणाल्या, "संक्रांतीला बोरन्हाण केलं न्हाई म्हणून राग हाय तुमच्या मनात."

"आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"तवा दत्तकाचा पक्का हुकूम यायचा व्हता. पोरगा म्हणायचा, येतोय, येतोय. मला झोप लागायची न्हाई. कुणी दारात आलं, लेकरू परत द्या म्हणलं, तर? गल्लीत नात नात म्हणून मिरवायची, अन मग पाळणा रिकामा. माझी सून जगली नसती ओ. म्हणून मी नात म्हणलेच न्हाई. तोंडातून काडलंच न्हाई तर कुणाची दिष्टबी लागत न्हाई."

मी कालथा फिरवायचा विसरले. इतके महिने मी या बाईला दगड म्हणत होते, आणि ती रात्र रात्र जागत होती.

"पण हुकूम तर महिन्याखाली आला की," मी म्हटलं.

"आला की." त्यांनी गॅस बारीक केला. "पर मग लाज वाटाया लागली. इतके दिस गप बसले, आता एकदम उठून कसं म्हणू? सूनबाई काय म्हणल, आता आली व्हय आजी? रोज वाटायचं, आज म्हणू, उद्या म्हणू. जीभच उचलंना. आज तुमचा त्यो गोळा बघितला अन आपोआप निघालं तोंडातून." मग म्हणाल्या, "लई बोलले का मी?"

"नाही," मी म्हटलं. "बरं केलंत."

मला त्यांचा हात धरायचा होता, पण दोघींचे हात तुपाचे होते. मी फक्त त्यांच्या शेजारी जरा जवळ सरकले. दारात लेक उभी होती. ती कधीची तिथं होती कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आत आली आणि तिनं बाळाला सासूच्या हातात दिलं. विहीणबाईंनी तुपाचे हात लांब धरून कोपरांनीच तिला सावरलं. बाळानं त्यांच्या गळ्यातली पोत धरली आणि ओढली. "ओढ गं माय, ओढ," त्या म्हणाल्या.

आमची दुसरी गाठी पहिलीपेक्षाही वाकडी झाली. रंग गुळासारखा आला, कारण माझ्या गोळ्यातली साखर दुसऱ्यांदा शिजत होती. पदकं लहानमोठी, कडं एकच धड निघालं. पण ती कडक होती आणि दोऱ्याला धरून होती. मी झबलं काढलं. लेकीनं ते बाळाला घातलं. आमचे हे कोपऱ्यात इतके वेळ गुन्हेगारासारखे बसले होते की शेवटी विहीणबाईंनीच त्यांना पुरणपोळी वाढून हाक मारली.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गोवऱ्या आणि एरंडाची फांदी रचून होळी उभी केली होती. हवा अजून उबदार होती, वर पिंपळाची नवी पानं सळसळत होती. होळी पेटली. बायकांनी नैवेद्य टाकले. मग विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी बाळाच्या गळ्यात गाठी घातली, पदर खोचला, तिला कडेवर घेतलं आणि होळीभोवती फिरायला लागल्या. जाळाच्या उजेडात बाळाचे डोळे मोठे झाले होते. एका हातानं तिनं आजीचा कान धरला होता आणि दुसऱ्या हातानं साखरेचं पदक तोंडात घातलं होतं. दुपारची शेजारीण तिथंच उभी होती. दुसरी कुणी म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "कुणाचं गं लेकरू हे?"

"माझी नात हाय," विहीणबाई चालता चालता म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "अन गाठी वाकडी दिसायली म्हणून हसू नका. तिच्या दोन आज्यांनी केली हाय."

मी तिथं रडले ते सगळ्यांसमोर. होळीचा धूर डोळ्यांत गेला असं सांगायलाही मी गेले नाही. गेली कित्येक वर्षं मी देवाकडे किती तरी गोष्टी मागितल्या, त्यातल्या बऱ्याच दिल्या नाहीत म्हणून त्याच्याशी भांडले. त्या संध्याकाळी मला भांडायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. लेक माझ्या खांद्याला टेकून उभी होती. तिच्या लहानपणी शाळेतून दमून आली की ती अशीच टेकायची.

रात्री झोपताना मी यांना म्हटलं, "कूलरनं चांगलं काम केलं." ते उठूनच बसले. त्यांना वाटलं मी आता भांडण काढतेय.

हे लिहीत असताना पाडवा जवळ आला आहे. नांदेडात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. काल विहीणबाईंचा फोन आला होता. हल्ली त्या आपणहून करतात. बाळाला वरचे दोन दात आले, ती कुणाला चावली, किती वेळ झोपली, सगळं सांगितलं, आणि दर वाक्यात एकदा तरी "माझी नात" आलं. मी मोजत नाही, पण ऐकते. शेवटी म्हणाल्या, "पाडव्याचीबी गाठी आजोळाकडूनच पाह्यजे. या खेपेला नीट आणा. अन व्याह्यांना म्हणावं, तवर कूलरला हात लावू नका."

मी "हो" म्हणाले. आपांचा दोरा अजून अर्धं बंडल शिल्लक आहे, साखर आणून ठेवली आहे. आमचे हे बंद कूलरसमोर खुर्ची टाकून घाम पुसत बसले आहेत आणि वाळ्याचा नुसता वास घेतायत.